पैसे देताना उशीर, तक्रारीला घाई

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, ते दिवसा हिशेबशास्त्र शिकवत आणि संध्याकाळी ग्राहक चळवळीचं काम करत. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करून महिन्याचं वाणसामान एकत्र मागवायचं, हा प्रयोग मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडला. सरांची पिढी त्या वातावरणात घडली. त्यांची भांडणं वजनकाट्याशी, भेसळीशी, बिल न देणाऱ्या दुकानदाराशी होती. तो दुकानदार लबाड असेल, पण समोर बसलेला असे. त्याचं नाव, त्याची गल्ली, त्याच्या वडिलांचा स्वभाव, सगळं गावाला ठाऊक असे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा त्या जगातून आला. आज विकणारा दिसत नाही, माल दिसत नाही आणि जाणारे पैसेही दिसत नाहीत. ‘टुंग’ असा आवाज येतो, एवढंच.

सूचनांची यादी वाचून दाखवायला मी आलेलो नाही. तशा याद्या प्रत्येक बँकेच्या भिंतीवर असतात आणि भिंतीवरच राहतात. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाने २०२२ साली ‘राजू आणि चाळीस चोर’ नावाची पुस्तिका काढली. फसवणुकीच्या चाळीस गोष्टी त्यात चित्रांसह आहेत, आणि सरकारी पुस्तिका असूनही ती वाचवते. पण चाळीस चोर पाठ केले तरी एक्केचाळिसावा नव्या वेषात येणारच. म्हणून त्या चाळिसांत समान काय आहे, ते पाहू.

एक गोष्ट आधी बाजूला काढतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डं वापरून अनेक देशांतल्या एटीएममधून रक्कम काढली गेली. तिथे बँकेची यंत्रणाच भेदली होती, आणि त्यासाठी मोठी टोळी, मोठी तयारी लागते. आपल्यापैकी कुणाचे चाळीस हजार जातात तेव्हा असलं काही घडलेलं नसतं. बँकेची यंत्रणा जशीच्या तशी असते. पैसे आपणच पाठवलेले असतात, आपल्याच बोटाने, आपलाच पिन टाकून. चोराने फक्त आपल्याला घाईला लावलेलं असतं.

ही घाई कशी कामाला येते, ते यूपीआयवर स्पष्ट दिसतं. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत ही पद्धत सुरू झाली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात तिच्यावरून २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवालीपासून देवस्थानापर्यंत सगळ्यांनी ती स्वीकारली, कारण ती सोपी आहे. तिचा एक साधा नियम आहे. पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे घेताना पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तरी जुना सोफा विकायला काढलेला गृहस्थ पलीकडच्या ‘गिऱ्हाइका’ने पाठवलेला कोड स्कॅन करतो आणि पैसे येतील म्हणून पिन टाकतो. हा गृहस्थ अडाणी नसतो. आमच्या ग्राहक संघटनेच्या तक्रार केंद्रात असे आलेले बरेच जण हिशेबात माझ्यापेक्षा पक्के होते. पलीकडचा माणूस सांगत असतो की टेम्पो दारात उभा आहे, बदलीची ऑर्डर निघाली आहे, साहेब ओरडतायत, पटकन करा. माहिती असते, पण ती आठवायला जे दहा सेकंद लागतात तेवढे मिळू दिले जात नाहीत.

इथे व्यवस्थेने काय केलं, तेही पाहायला हवं. यूपीआयमध्ये समोरच्याकडे पैसे मागण्याची एक सोय होती. मागणी आपल्या फोनवर यायची, आपण ‘पैसे येतायत’ समजून पिन टाकायचो. दोन व्यक्तींमधली ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायचं यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने ठरवलं. म्हणजे सावध राहा, सावध राहा असं वर्षानुवर्षं सांगून जे साधलं नाही, ते एक बटण काढून टाकल्याने साधतं. त्याआधीचं उदाहरण कार्डांचं आहे. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहाराला आणखी एक पडताळणी सक्तीची केली. अनेक देशांत त्या काळी कार्डावरचा क्रमांक आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर खरेदी होत असे. आपल्याकडे मधेच एक पायरी आली, लोकांनी कुरकुर केली, व्यापाऱ्यांनी तर जास्तच. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांच्या संकेतस्थळांना आपल्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवायलाही मनाई झाली. त्याच्या जागी टोकन असतं, आणि ते दुसऱ्या दुकानात चालत नाही. आपली व्यवस्था ढिसाळ आहे असं सरसकट म्हणणं अन्यायाचं होईल. ठिकठिकाणी तिने आपल्याला थांबवायची सोय केलेली आहे.

चोराची सगळी कारागिरी हे थांबे वगळण्यात आहे. ‘बिल थकलं आहे, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ हा संदेश आपल्याकडे किती जणांना आला असेल! महावितरणने अनेकदा खुलासे करूनही तो फिरत राहिला. त्यातली कळ साडेनऊ या वेळेत आहे. नुसतं ‘वीज तोडू’ म्हटलं असतं तर आपण सकाळी कार्यालयात गेलो असतो. पोलीस असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर माणसाला धरून ठेवतात, त्या तथाकथित डिजिटल अटकेतही हेच. कायद्यात व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद कुठेही नाही, पण फोन ठेवू दिला जात नाही, मुलाला विचारू दिलं जात नाही, खोलीचं दार उघडू दिलं जात नाही.

आणि जरा अप्रिय गोष्ट सांगतो. ही घाईची सवय आपल्याला चोराने लावलेली नाही. ती प्रतिष्ठित दुकानांनी लावली. ‘फक्त दोन नग शिल्लक’, ‘सवलत संपायला ४ मिनिटं’, ‘आत्ता १७ जण हेच पाहत आहेत’. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि तेरा प्रकार नावानिशी नोंदवले. खोटी निकड हा त्यातला एक. टोपलीत आपण न घातलेली वस्तू गुपचूप टाकणं, शेवटच्या पानावर शुल्क वाढवणं, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला सात पानं, हेही त्यात आहेत. वर्षानुवर्षं आपल्या अंगठ्याला विचाराआधी दाबायचं वळण लावलं जातं, आणि मग कुणी भामटा त्याचा फायदा घेतो. तेव्हा ग्राहकाला एकट्याला बेसावध ठरवून मोकळं होता येणार नाही.

आता खरेदीकडे येतो. फेसबुकवर मार्च महिन्यात देवगड हापूसची पेटी निम्म्या किमतीत मिळू लागते, दिवाळीत नामांकित कंपनीचा मिक्सर हजारात. इथे भाव हाच पहिला पुरावा असतो, पण त्यावर जास्त बोलत नाही. बोलायचं आहे ते संकेतस्थळाच्या पत्त्याबद्दल. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं उदाहरण घ्या, कारण चारधामला जाणारी मराठी मंडळी त्यात हमखास सापडतात. या फेऱ्यांचं अधिकृत आरक्षण २०२३ पासून आयआरसीटीसीच्या हेलियात्रा या संकेतस्थळावरून होतं. शोधयंत्रात टाकलं तर मात्र डोंगर, मंदिर, हेलिकॉप्टर असं सगळं असलेली भलतीच पानं समोर येत. तिकीटही मिळे, छान छापलेलं. ते खोटं आहे हे हेलिपॅडवर कळे.

संकेतस्थळाचा पत्ता उजवीकडून वाचायचा असतो, हे शाळेत शिकवायला हवं. पहिली एकटी तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या आणि शेवटाकडून मागे या. ‘अमुकबँक डॉट दिवाळी-भेट डॉट शॉप’ असा पत्ता असेल तर त्याचा मालक ‘दिवाळी-भेट डॉट शॉप’ आहे. ‘अमुकबँक’ हे त्याने स्वतःच्या दारावर रंगवलेलं नाव आहे आणि ते कुणालाही रंगवता येतं. आपण डावीकडून वाचतो, ओळखीचं नाव दिसलं की थांबतो, आणि हे चोराला माहीत आहे. बँकांपुरता यावर एक उपाय झाला. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटीचे पत्ते घ्यायला लावले, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ही शेपटी बँकेखेरीज कुणाला मिळत नाही. दुकानांसाठी मात्र अशी काही सोय नाही.

पत्त्याशेजारचं छोटं कुलूप पाहून पुष्कळ जण निश्चिंत होतात. त्या कुलपाचा अर्थ बंद पाकिटाएवढाच आहे. वाटेत कुणी वाचलं नाही, इतकंच ते सांगतं. पाकीट ज्याच्या हाती पडणार तो सज्जन आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. भामट्यांच्या संकेतस्थळांनाही ते कुलूप सहज आणि बहुधा फुकट मिळतं.

लग्नसराईत एक निराळाच प्रकार येतो. व्हॉट्सॲपवर पत्रिका येते, ओळखीच्याच क्रमांकावरून. एरवी पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात असते. ही मात्र ‘एपीके’ असते, म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवायचं ॲप. उघडायला गेलात की फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप बसवू का? मग संदेश वाचण्याची परवानगी मागतो. आपण ‘हो, हो’ करत पुढे जातो, कारण लग्न कुणाचं ही उत्सुकता. ते ॲप मग आपले ओटीपी परस्पर दुसरीकडे धाडतं, आणि आपल्या यादीतल्या सगळ्यांना तीच पत्रिका पाठवतं. म्हणून ती ओळखीच्या क्रमांकावरून येते. वाहतुकीच्या चलनाच्या नावानेही असंच येतं. लग्नाला जाण्यासाठी ॲप बसवावं लागत नाही, एवढं आपल्या ज्येष्ठांना सांगून ठेवा. तरुणांनाही सांगा, ते जास्त भराभर दाबतात.

फोनवरच्या फसवणुकीबद्दल थोडक्यात सांगतो. ग्राहक सेवेचा क्रमांक शोधयंत्रावरून घेऊ नये, तो कार्डाच्या मागे किंवा ॲपच्या आत असतो. मदतीच्या नावाखाली आपल्या फोनचा पडदा समोरच्याला दाखवणारं ॲप बसवायला सांगितलं तर फोन बंद करावा, यात बँक कोणती, माणूस किती गोड बोलतो, काही पाहू नये. पार्सलवाल्याने पत्ता सापडत नाही म्हणून तारा, ४०१, तारा असं काही डायल करायला सांगितलं तर ते आपले फोन दुसऱ्याकडे वळवण्यासाठी असतं. ती सोय १५ एप्रिल २०२४ पासून दूरसंचार विभागाने थांबवली, तरी युक्ती माहीत असलेली बरी, कारण ती रूप बदलून येते. बँकांनी सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. दहा आकडी मोबाइलवरून ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याशी बोलण्यात मला तरी काही हशील दिसत नाही.

पैसे कशाने द्यावेत, असं मला नेहमी विचारतात. माझं मत असं: ओळखीच्या दुकानात यूपीआय, अनोळखी संकेतस्थळावर क्रेडिट कार्ड किंवा माल हातात आल्यावर पैसे. यूपीआयने दिलेली रक्कम लगेच पलीकडे पोहोचते. कार्डाच्या व्यवहारात माल आला नाही, निराळाच आला, तर बँकेमार्फत रक्कम परत मागण्याची रूढ पद्धत आहे. आणि दुकान म्हणवणारा एखाद्या माणसाच्या खासगी क्रमांकावर पैसे मागत असेल तर पडद्यावर येणारं खातेदाराचं नाव वाचा. यूपीआयवर आता बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, आणि एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएसलाही आधी नाव तपासता येतं. ‘अमुक साडी सेंटर’ला पैसे देताना भलत्याच राज्यातल्या भलत्याच व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबायला तेवढं कारण पुरे. कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ॲपमधून बंद-चालू करता येतात, ही सोय ऑक्टोबर २०२० पासून सक्तीची आहे. परदेशी व्यवहार बंद ठेवायला काय हरकत आहे?

इथवर सावकाशीबद्दल बोललो. आता नेमकं उलट सांगायचं आहे. फसवणूक झाल्यावर आपण एकाएकी संथ होतो. जे पैसे तीन मिनिटांत गेले त्यांची तक्रार तीन आठवड्यांनी येते. मधल्या काळात माणूस घरात कुणाशी बोलत नाही. सून काय म्हणेल, मित्र हसतील, ‘एवढा शिकलेला आणि...’ हे वाक्य ऐकावं लागेल. या लाजेइतका चोराला दुसरा आधार नाही. मी तर म्हणेन, आपल्या घरात फसलेल्या माणसाची थट्टा होत असेल तर पुढच्या खेपेला तो आपल्याला सांगणार नाही, आणि नुकसान दुप्पट होईल.

तातडी कशासाठी, हे पैशाच्या प्रवासावरून कळतं. आपली रक्कम ज्या खात्यात जाते ते चोराचं नसतंच. ते भाड्याने घेतलेलं खातं असतं. तिथून तिचे तुकडे होऊन दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यांत जातात आणि कुठेतरी एटीएममधून रोख निघते. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा फोन क्रमांक यासाठीच आहे. तिथे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद झाली की व्यवहाराच्या क्रमांकावरून पुढच्या बँकांना कळवलं जातं आणि वाटेत सापडलेली रक्कम रोखून धरता येते. रोखलेली रक्कम पुढे परत मिळू शकते. पण रोखायला ती आधी वाटेत सापडायला हवी. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, पलीकडचं खातं, एवढं हाताशी घेऊन फोन करा. नंतर पोलीस ठाणं, नंतर वकील, नंतर भावकी.

त्याच दमात आपल्या बँकेला लेखी कळवायचं, आणि पोच घ्यायची. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने यासाठी चौकट घालून दिली. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधेच कुठे माहिती फुटली, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर मर्यादित, नेहमीच्या बचत खात्याला दहा हजारांपर्यंत. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवर. सहकारी बँकांना हेच त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लागू झालं, आणि महाराष्ट्रात हे मुद्दाम सांगावं लागतं. बँकेने तीस दिवसांत समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

माल न आल्याची, खोटा आल्याची तक्रार हा निराळा रस्ता. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे संकेतस्थळाने तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करायचं, ४८ तासांत पोच द्यायची, महिन्यात निवारण करायचं. नाही केलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. कंपनी गुरुग्रामला असो की बंगळुरूला, लातूरकराची तारीख लातूरला पडते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. सर असते तर या एका तरतुदीवर त्यांनी पेढे वाटले असते.

पण २०१७ च्या त्या परिपत्रकात एक खाच आहे. ओटीपी किंवा पिन आपणच दिला, तर तो आपला निष्काळजीपणा, आणि बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं. आज ऑनलाइन खरेदीत फसलेल्या बहुसंख्य माणसांची गोष्ट नेमकी याच वाक्याखाली येते. म्हणजे यंत्रणा भेदणाऱ्या चोरापासून संरक्षण, आणि माणसाला भुलवणाऱ्या चोरापासून उपदेश.

ब्रिटनने यावर वेगळा विचार केला. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे, देशांतर्गत झटपट हस्तांतरणात भुलवून पैसे पाठवायला लावलं असेल तर बँकांनी ग्राहकाला ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायची, असा नियम झाला. घोर निष्काळजीपणा सोडून. माझ्या दृष्टीने त्यातला खरा मुद्दा पुढे आहे. ही भरपाई पाठवणाऱ्या बँकेने निम्मी आणि स्वीकारणाऱ्या बँकेने निम्मी सोसायची असते. स्वीकारणारी बँक म्हणजे जिने त्या भाडोत्री खातेदाराला दारात घेतलं, कागद पाहिले, खातं उघडलं, आणि एरवी दोन-तीन हजार असणाऱ्या त्या खात्यात एका दुपारी लाखो येऊन गेले तरी भुवई उंचावली नाही. निम्मी रक्कम खिशातून जाऊ लागली की भुवई उंचावते.

आपल्याकडे ही भाडोत्री खाती कुठून येतात, ते महाविद्यालयांच्या आवारात विचारा. महिन्याला काही हजार मिळतात, फक्त एटीएम कार्ड आणि सिम द्यायचं, ‘गेमिंगचे पैसे आहेत’ असं सांगतात. मुलगा देतो, आणि काही महिन्यांनी परराज्यातले पोलीस त्याच्या आईच्या दारात उभे राहतात. ग्राहक संघटनांनी फसलेल्यांचे अर्ज लिहून द्यावेत, ते आम्ही करतोच. पण त्या अर्जांत पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेचं नाव आणि शाखा दर वेळी लिहावी, लोकपालापर्यंत न्यावी, आणि वर्षाअखेर कोणत्या शाखेचं नाव पुन्हा पुन्हा येतं ते जाहीर करावं. वजनकाटे तपासताना सरांनी दुकानांच्या अशाच याद्या सूचनाफलकावर लावल्या होत्या. काम कंटाळवाणं आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी नावं व्याख्यानमालेच्या कार्यवाहांकडे द्यावीत.